ग्रुपबरोबर पळायला जाणार असाल तर पहिले तीन महिने मागंच रहा

शूज कुठले, सकाळी काय खायचं, ते तुम्ही बघितलेलं असणारच, म्हणून ते सोडून देते. (लिहायचं म्हणून 'देते', बोलताना मी 'देतो'च म्हणणार, कोल्हापूरची आहे.)

मी रंकाळा तलावावरच्या एका ग्रुपमध्ये घुसले तेव्हा वय ३९, आणि कॉलेजनंतर पळाले असेन ते फक्त केएमटीची बस पकडायला. पहाटे साडेपाचला अंधारात एकटीला भीती वाटायची, ग्रुपमुळं ती गेली, एवढ्यासाठी तरी बायकांनी ग्रुप धरावाच. पण तिसऱ्याच आठवड्यात सगळ्यांनी २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनला नावं नोंदवली, व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पडायला लागले आणि मीपण पैसे भरून मोकळी. मग रोज त्यांच्या स्पीडनं पळायचं, कारण मागं पडलं की लाज वाटायची.

इथंच माती खाल्ली. नीट वाचा. दम लवकर वाढतो, महिन्या-दीड महिन्यात फरक कळतो, आणि वाटतं झालो की आपण तयार. पण हाडं आणि स्नायूंच्या दोऱ्या एवढ्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना कित्येक महिने लागतात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब, आणि आपण छातीचं ऐकतो. माझ्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर मी बाम चोळून अजून पंधरा दिवस पळाले. येडेपणा. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल तर बाम नको, डॉक्टर गाठा, हाडाला बारीक तडा असू शकतो.

स्पीड बरोबर आहे का हे बघायला घड्याळ लागत नाही. शेजारच्याला काल घरी काय भांडण झालं ते पूर्ण वाक्यात सांगता आलं पाहिजे. नुसतं 'हं, हं' वर आलात की स्पीड कमी करा, चाला, कुणी काही म्हणत नाही. खरंच म्हणत नाही, लाज आपल्याच डोक्यात असते. आणि ते 'आठ आठवड्यांत हाफ मॅरेथॉन' वाले प्लॅन आपल्यासारख्यांनी बघूच नयेत. सल्लासुद्धा सगळ्यात पुढच्याला विचारू नका, त्याला काही दुखलेलंच नसतं. शेवटी येणाऱ्या काकांना विचारा.

इव्हेंटच्या दिवशी पळता येईना म्हणून रडत रडत पाण्याच्या टेबलवर उभी राहिले. ग्लास अर्धाच भरायचा, नाहीतर पळणाऱ्याच्या अंगावर सांडतो, आणि तळहातावर ठेवून हात लांब करायचा, म्हणजे त्याला वरून उचलता येतो. तासाभरात एकजण पोटरी धरून फुटपाथवरच बसला. बघते तर ज्यांच्या टेबलवर आमची लोनची फाईल दोन महिने पडून होती ते साहेब! बूट काढला, गुडघा सरळ धरायला लावला, चवडा हळूहळू त्यांच्याकडं ढकलला. मीठ लावलेली संत्र्याची फोड चोखत म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कुठंतरी बघितलंय." म्हटलं, "आधी पाय बघा साहेब." फाईलचा विषय काढला नाही. आता दर रविवारी मिसळ खाताना ते माझ्या ताटातला पाव पळवतात.

माझ्या मते ओळखी पळताना कमी आणि असल्या टेबलवर, नाहीतर नंतरच्या चहाला जास्त होतात. त्यामुळं पळून झाल्यावर लगेच गाडीला किक मारू नका, घरचे वाट बघत असले तरी दहा मिनिटं थांबा. पळायची हिंमत होत नसेल तर पहिल्या इव्हेंटला सरळ व्हॉलंटियर म्हणून नाव द्या, माणसं कमीच पडत असतात.

२१ अजून झालेलं नाही. सध्या ५ वर आहे आणि नडगी गप्प आहे. रविवारी आलात तर पुढच्या घोळक्यात शोधू नका, सगळ्यात मागं निळी टोपी बघा, आणि सोबत चाललात तरी चालेल.