तुमचं वैयक्तिक टपाल ऑफिसच्या पत्त्यावर मागवताय?
नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत बहुतेक टपाल गेटवर किंवा आवक-जावक टेबलावर उतरतं. तिथला माणूस भराभर पाकिटं फोडून शिक्के मारतो, आणि त्या ओघात तुमचा वैद्यकीय तपासणी अहवालही चारचौघांत उघडा पडतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण तो प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागता येतो. खासगी कंपनीत टपालाबाबत काय नियम आहे, ते एचआरला लेखी विचारा. विचारायला संकोच कसला?

बँक, विमा, कोर्टाची कागदपत्रं घरीच मागवा. महत्त्वाचं असेल तर पाठवणाऱ्याला स्पीड पोस्टसोबत नोंदणीची सेवा घ्यायला सांगा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच सामावलंय. नोंदणी केलेलं पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याच किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्या हाती देतात.

ऑफिसचाच पत्ता द्यावा लागला, तर पाकिटावर आधी तुमचं नाव, खाली कंपनीचं, आणि कोपऱ्यात ठळक ‘वैयक्तिक’. तरीही फोडलेलं मिळालं तर पाकीट फेकू नका. फोटो काढा, तारीख टाका आणि त्याच दिवशी एचआरला ईमेल करा.