घरी जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी स्वस्तातलं विंडोज घेताना

ऑगस्ट २०१९चा महापूर ओसरल्यावर सांगलीत हरभट रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानातले दोन सीपीयू आम्ही उघडले. रॅमच्या स्लॉटमध्ये गाळ वाळून घट्ट बसला होता. दोन्ही मदरबोर्ड गेले. एकावरचं विंडोज रिटेल, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येणारं होतं, ते नव्या मशीनवर पुन्हा चालू झालं. दुसऱ्यावर चार पैसे वाचवायला घेतलेलं ओईएम, म्हणजे मशीन जोडणाऱ्यांसाठीचं विंडोज होतं. ते बोर्डाबरोबरच गेलं. पुराने सगळं नेलेल्या माणसाला विंडोजही नव्याने घ्यावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून सुटे भाग आणून पीसी जोडणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

आधी ठरवा, हा मदरबोर्ड किती वर्षं ठेवणार? ओईएम स्वस्त मिळतं, कारण ते पहिल्या मशीनलाच, म्हणजे व्यवहारात मदरबोर्डलाच बांधलेलं असतं. रॅम वाढवा, ग्राफिक्स कार्ड बदला, कॅबिनेट बदला, लायसन्सला धक्का लागत नाही. बोर्ड सदोष निघाला आणि कंपनीने त्याच जातीचा बदलून दिला, तरी चालतं. पण नव्या पिढीचा प्रोसेसर हवा म्हणून बोर्डही बदलला, की मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा कॉम्प्युटर झाला आणि लायसन्स संपलं. शिवाय ओईएममध्ये अडचण आली तर मदत करायची जबाबदारी मशीन जोडणाऱ्याची असते. घरी जोडलंत, तर ती तुमच्यावरच येते. दोन-तीन वर्षांनी बोर्ड बदलायची सवय असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: रिटेलच घ्या.

दुकानात थेट विचारा, "ओईएम आहे की रिटेल?" आणि तो शब्द बिलावर लिहून घ्या. व्हॉट्सअॅपवर शे-पाचशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या कीच्या (विंडोज चालू करायच्या नंबरच्या) नादी लागू नका. त्यांत संस्थांना दिलेल्या व्हॉल्यूम लायसन्सच्या कीही फिरत असतात. त्या घरगुती वापरासाठी नसतात आणि पुढे बंद पडू शकतात.

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, तेव्हा ११च टाका. त्यासाठी बोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते.

आता टाकायची पद्धत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज मोफत उतरवून पेनड्राइव्ह बनवा. टाकताना की मागितली, तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा. चार-आठ दिवस मशीन भरपूर चालवून बघा. बोर्डात खोट असेल तर ती बहुधा याच दिवसांत कळते. सगळं ठीक वाटलं की मगच २५ अक्षरांची की घाला. ओईएम की घातली की त्या बोर्डाला बांधलं जातं, म्हणून ते घेतलं असेल, तर ही पायरी अजिबात गाळू नका.

जुन्या मशीनवर काय आहे ते बघायचं असेल, तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजीत 'एसएलएमजीआर', एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला लागून 'डीएलआय' टाइप करा. थोड्या वेळाने छोटी खिडकी उघडेल. तिच्यातल्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसेल.

रिटेल नव्या मशीनवर न्यायचं असेल, तर आधी जुन्यावरून की काढा. आज्ञा तीच, फक्त 'डीएलआय'च्या जागी 'यूपीके', आणि ती कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून त्यात टाइप करा. पण की काढायच्या आधी, जुनं मशीन चालू असतानाच सेटिंग्जमधून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून ठेवा, म्हणजे डिजिटल लायसन्स त्या अकाउंटला जोडलं जातं.

बिल आणि की कागदावरही ठेवा, आणि सांगलीत राहत असाल तर माळ्यावर. हरभट रोडच्या त्या दुकानदारांनी नव्या रिटेल विंडोजचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलंय.