टीव्हीवरच्या पोलीस गाड्यांची डाय-कास्ट मॉडेल्स कशी जमवावीत

डाय-कास्ट म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली छोटी गाडी. ती विकत घेण्याआधी मालिका पुन्हा एकदा बघा, आणि सोबत वही ठेवा. 'ॲडम-१२' (१९६८–१९७५) मधले लॉस एंजेलिसचे गस्तीवरचे दोन पोलीस सुरुवातीला प्लिमथ बेल्व्हेडेअर चालवतात आणि पुढे एएमसी मॅटाडोर. 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड'चा शेरीफ रॉस्को कधी मॅटाडोर, कधी डॉज मोनॅको, कधी प्लिमथ फ्युरी पळवतो आणि कुठेतरी नेऊन आपटतो. खोक्यावर मालिकेचं नाव असलं म्हणून आत तुमच्या आठवणीतली गाडी निघेलच असं नाही. कोणत्या सीझनची हवी ते ठरवा आणि टपावरचे दिवे, दारावरचं चिन्ह, चाकांच्या कॅप आणि नंबर प्लेट या चार गोष्टी टिपून ठेवा. पुढे विक्रेत्याचे फोटो बघताना ही वही सतत लागते.

आता कुंपण घाला. 'सगळ्या पोलीस गाड्या' असं म्हटलंत तर कपाट वर्षभरात भरेल आणि त्यात काही दम नसेल. मोठा प्रश्न साध्या वेशातल्या पोलिसांचा. 'स्टार्स्की अँड हच'ची लाल फोर्ड ग्रॅन टोरिनो किंवा ब्रिटिश मालिकेतल्या इन्स्पेक्टर मोर्सची काळ्या टपाची जॅग्वार मार्क २ यांच्यावर 'पोलीस' असं कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या मते त्या घ्यायलाच हव्यात, कारण त्यांच्याशिवाय हा संग्रह नुसत्या पोलिसी रंगकामाचा होतो. पटत नसेल तर फक्त रंगवलेल्या गस्ती गाड्या घ्या. पण मग 'हार्टबीट' या ब्रिटिश मालिकेतली निळी-पांढरी फोर्ड अँग्लिया सोडू नका.

स्केलचा, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा किती पट लहान याचा निर्णय जागा बघून घ्या. १:६४ ची गाडी साधारण ७ सेंटिमीटर, १:४३ ची १० ते १२ आणि १:१८ ची पाव मीटरच्या आसपास भरते. ब्रिटिश मालिकांची चांगली मॉडेल्स १:४३ मध्ये सापडतात. अमेरिकन गाड्यांसाठी ग्रीनलाइट या कंपनीची १:६४ पासूनची मॉडेल्स बघा. त्यांच्या काही मोजक्या प्रतींना मुद्दाम हिरवी चाकं असतात आणि त्यांना जास्त भाव येतो. मी त्या वाटेला जात नाही. हिरव्या चाकांवर चोर पकडणारा पोलीस कुठल्या मालिकेत दिसलाय? कॉर्गी या ब्रिटिश खेळणी कंपनीच्या जुन्या गाड्यांचा हिशोब वेगळा. १९७६ ची, 'कोजॅक' मालिकेतल्या डिटेक्टिव्हची ब्यूक आणि १९७७ ची टोरिनो साधारण १:३६ मध्ये आहेत, त्यामुळे १:४३ च्या रांगेत त्या आडदांड दिसतात. त्यांना वेगळा खण द्या.

जुनं मॉडेल घेताना भिंग हवंच. आधी गाडी उलटी करा. तळाच्या रिव्हेटचं (तळ आणि बॉडी जोडणाऱ्या, ठोकून बसवलेल्या खिळ्याचं) डोकं गुळगुळीत, गोल असायला हवं. तिथे ड्रिलचं भोक किंवा स्क्रू दिसला, तर गाडी उघडलेली आहे. म्हणजे रंग, काचा, चाकं यांतलं काहीही बदललेलं असू शकतं. मग सरळ करून पट्टे बघा. टोरिनोचा पांढरा पट्टा बाजूने मागे येऊन टपावर चढतो. त्या वळणावर कड पिवळी पडून उचललेली असेल तर तो जुना स्टिकर आहे आणि ते चालतं. उलट बाकीच्या रंगाचे टवके उडालेत आणि पट्टा मात्र पांढराशुभ्र, तर तो नंतर चिकटवलेला. कॉर्गीच्या टोरिनोसोबत स्टार्स्की, हच आणि एक चोर अशा तीन बाहुल्या यायच्या. बाहुल्या आणि खोके नव्याने बनवूनही विकले जातात. त्यात गैर काही नाही, पण विक्रेत्याने तसं सांगायला हवं. खोक्यावरची बारीक अक्षरं धूसर असतील आणि कोपरे कोरे करकरीत असतील, तर थेट विचारा.

धातूकडेही बघा. ही मॉडेल्स जस्ताच्या मिश्रधातूची असतात. ओतताना त्यात शिशाची भेसळ राहिली तर धातू आतून फुगतो, बारीक भेगा पडतात आणि शेवटी तुकडे होतात. हा रोग मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यांत दिसतो, त्यामुळे टीव्हीच्या गाड्या बऱ्याचशा वाचल्या आहेत. तरी बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसली तर घेऊ नका. त्यावर इलाज नाही.

घरी आणल्यावर ऊन टाळा, लाल रंग आधी विटतो. कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मऊ टायर खोक्याच्या प्लॅस्टिकच्या बैठकीवर वर्षानुवर्षं दाबून राहिले तर त्यातलं रसायन प्लॅस्टिकला खातं आणि टायर चिकटतो. तेव्हा गाडीच्या तळाखाली छोटा ठोकळा सरकवून चाकं किंचित अधांतरी ठेवा. धूळ मऊ ब्रशने झटका, टपावरच्या दिव्यांना बोट लावू नका. जुन्या गाडीत सर्वांत आधी मोडतात ते दिवेच.