सोळाव्या वित्त आयोगाचा आराखडा करण्याआधी पंधराव्याचं दप्तर आवरा: ग्रामपंचायतीची तयारीची यादी

वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राचा निधी ग्रामपंचायतींना मिळतो. ३१ मार्च २०२६ ला पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी संपला आणि १ एप्रिलपासून सोळाव्याचा सुरू झाला. तेव्हापासून प्रत्येक ग्रामपंचायतीत एकच प्रश्न फिरतो आहे, आपल्याला किती निधी येणार? सरपंचांना तो पारावर विचारला जातो, ग्रामसेवकांना पंचायत समितीच्या व्हरांड्यात. त्याचं उत्तर शासन निर्णयासोबतच्या तक्त्यात मिळेल आणि त्यासाठी आपल्याला काही करावं लागणार नाही. पण जुन्या खात्यात पडलेल्या पैशातला आपला किती आणि दुसऱ्याचा किती, हे आपल्यालाच शोधावं लागतं. आयोग बदलताना पंचायती अडकतात त्या बहुतेक वेळा मागच्या आयोगाच्या अर्धवट कामांत. म्हणून या यादीतला मोठा भाग जुन्या हिशोबाचा आहे, नव्या आराखड्याचा नंबर बराच खाली लागतो.

सुरुवात शिल्लक रकमेपासून करा. बँकेचं विवरणपत्र, नमुना ५ ची रोकडवही आणि ई-ग्रामस्वराज (पंचायतींच्या हिशोबाचं ऑनलाइन पोर्टल), या तिन्ही ठिकाणचा एकाच तारखेचा आकडा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. तिन्ही आकडे जुळले तर तुमचे ग्रामसेवक कौतुकाला पात्र आहेत. नाही जुळले तर फरक कशाचा, ते नोंदीसकट शोधा: बँकेनं जमा केलेलं व्याज वहीत आलेलं नसतं, परत आलेलं पेमेंट पोर्टलवर खर्चातच राहिलेलं असतं, कधी चौदाव्याची उरलेली रक्कम याच खात्यात वळती होऊन बसलेली असते. ताळमेळाचा तक्ता केल्याशिवाय पुढे सरकू नका, कारण पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर उभा राहणार आहे.

मग त्या शिल्लकेची फोड करा. समजा, खात्यात ९ लाख ४० हजार दिसतात. सदस्यांना वाटतं, एवढ्यात एक गल्ली काँक्रीटची होईल. कागद उलगडल्यावर निघतं असं: ३ लाख १० हजार शाळेजवळच्या गटाराचे, काम झालंय पण बिल निघालेलं नाही. ६२ हजार ठेकेदारांची अनामत, ती दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामात दोष निघाला तर ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, संपला की परत द्यायची. १८ हजार बिलातून कापलेले पण भरायचे राहिलेले, म्हणजे आयकराची कपात, अडीच लाखांवरच्या कंत्राटांवरचा २ टक्के जीएसटी टीडीएस आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर. ४० हजार व्याज. २ लाख ३० हजार पाण्यासाठी बंधित, म्हणजे फक्त त्याच कामावर खर्च करता येणारे. खरोखर हातात उरतात ते २ लाख ८० हजार. आकडे उदाहरणाचे आहेत, पण हे सहा रकाने तुमच्याही खात्यात निघतील. त्यातला कपातीचा रकाना सगळ्यात आधी रिकामा करा. तो पैसा पंचायतीचा कधीच नव्हता, आणि उशीर झाला की त्यावर व्याज आणि दंड चढतो, जो पुढे कोणाच्या खिशातून जायचा यावर मासिक सभेत भांडणं होतात.

व्याजाची रक्कम वेगळी दाखवा आणि शासनाचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय तिला हात लावू नका. २०२० मध्ये करोनाच्या काळात चौदाव्या आयोगाच्या निधीवरचं व्याज परत मागितल्यावरून सरपंच मंडळी आणि शासन यांच्यात चांगलीच जुंपली होती. व्याजाचा वेगळा हिशोब ज्यांच्याकडे तयार होता त्यांना निदान आकडा तरी सांगता आला.

आता कामं. मंजूर कामांची यादी घेऊन एक दिवस गावात फिरा, कार्यालयात बसून ही यादी होत नाही. सोबत उपसरपंच, त्या त्या वॉर्डाचे सदस्य आणि जमलं तर शाखा अभियंता असू द्या. झालेली कामं, चालू कामं आणि फक्त कागदावरची कामं असे तीन गट पडतील. झालेल्या कामांची फाइल उघडा आणि पहिल्या कागदापासून शेवटपर्यंत बघा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, कामाआधीचा आणि नंतरचा फोटो, पूर्णत्वाचा दाखला. बहुतेक फायलींत घोडं अडतं ते मोजमाप पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर. मोजमापं लिहिलेली असतात, गोषवारा काढलेला असतो आणि खाली सही नसते. अभियंत्यांची बदली झाली की त्या सहीसाठी दुसऱ्या तालुक्याला चकरा सुरू होतात. नवे अभियंता जुन्याच्या मोजमापावर सही करायला राजी नसतात आणि त्यांचंही चूक नाही, पुन्हा मोजायचं तर गटारावर माती आलेली असते. म्हणून या सह्या ही या यादीतली सगळ्यात तातडीची गोष्ट समजा.

चालू कामांना ठेकेदाराकडून लेखी तारीख घ्या. तोंडी ‘आठ दिवसांत उरकतो साहेब’ याला काही अर्थ नसतो. काम अर्ध्यावर सोडून गेलेला ठेकेदार असेल तर झालेल्या कामाचं मोजमाप त्याला नोटीस देऊन, त्याच्यासमोर किंवा त्याच्या गैरहजेरीत पंचनामा करून घ्या. कागदावरच्या कामांचं काय करायचं हा मात्र थोडा नाजूक विषय आहे. जुना निधी किती मुदतीपर्यंत खर्च करता येईल याचं पत्र तालुक्याला असतं, ते मागून घ्या. मुदतीत होणार नाही असं काम असेल तर ते ठरावानं रद्द करा आणि पोर्टलवरच्या नोंदीचंही काय झालं ते पाहा. ‘राहू दे, सोळाव्यातून देऊ’ असं सभेत कोणी म्हटलं तर थांबवा. काम ज्या योजनेच्या नावानं चढवलंय त्याच योजनेतून त्याचं देयक निघतं. नव्या आयोगातून ते करायचं तर नव्या आराखड्यात नव्यानं घ्यावं लागेल. आणि निधी परत जाईल या भीतीनं रातोरात पेव्हर ब्लॉक बसवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यापासून लांब राहा. त्या ब्लॉकखालून पाण्याची पाइपलाइन गेलेली असते आणि सहा महिन्यांत तेच ब्लॉक उखडावे लागतात.

यंदा या सगळ्यात एक जास्तीची अडचण आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम एकाच वेळी झाला होता. त्यांची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीलाच भरली. म्हणजे राज्यातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींपैकी निम्म्यांत निधीही बदलतोय आणि कारभारीही. अशा ठिकाणी प्रभाराची, म्हणजे कारभार सोपवण्याची, यादी नेहमीसारखी ‘कपाट १, खुर्च्या १२’ अशी करून भागणार नाही. तीत प्रत्येक चालू कामाची एक ओळ हवी: मंजूर किती, दिले किती, देणं किती, फाइल कुठे. जाणारे आणि येणारे, दोघांच्या सह्या त्याखाली हव्यात. येणारा प्रशासक असला तर हे आणखीच जपून करा, कारण त्याच्याकडे एका वेळी बऱ्याच गावांचा कारभार असतो.

त्यातच डिजिटल स्वाक्षरी येते. ई-ग्रामस्वराजवरून पैसे द्यायला ग्रामसेवक आणि सरपंच, दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या (डीएससी) लागतात, एकानं देयक तयार करायचं आणि दुसऱ्यानं मंजूर करायचं. (पदाचं नाव आता कागदावर ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात, मीही इथे तेच वापरतोय.) माजी सरपंचांची डीएससी बंद करणं, नव्यांची काढणं, ती पोर्टलवर आणि पीएफएमएसवर (केंद्राची पैसे देण्याची ऑनलाइन प्रणाली) नोंदवणं आणि मंजूर करून घेणं, यात कधी कधी महिना जातो. तेवढ्या काळात एक रुपयाही हलत नाही. आधारवरचं नाव आणि निवडणूक प्रमाणपत्रावरचं नाव यांत काना-मात्रेचा फरक असेल तर तो आधीच दुरुस्त करा. आणि पेनड्राइव्हसारखं दिसणारं ते टोकन सरपंचांकडेच राहू द्या. दोन्ही टोकन एकाच ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड त्यांनाच चिकटवलेला, हा प्रकार दिसला तर पहिल्याच दिवशी बंद करा. उद्या चुकीचं पेमेंट गेलं तर मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय त्यात उरत नाही.

दर महिन्याला लागणाऱ्या खर्चाकडे फार कमी लोक बघतात. आपले सरकार सेवा केंद्राच्या संगणक परिचालकापोटी दरमहा १२ हजारांहून जास्त रक्कम आयोगाच्या निधीतून जात आली आहे. २०२१ मध्ये पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची वीजबिलंही पंधराव्यातून भरा असे आदेश आले, त्यावर सरपंच संघटनांनी ओरडही केली. आता मधल्या काळात, म्हणजे जुनं खातं बंद व्हायचं आणि नवा हप्ता यायचा यामध्ये, ही बिलं कशातून भरणार? याचं उत्तर एकच आहे, घरपट्टी आणि पाणीपट्टी. किमान सहा महिन्यांच्या वीजबिलाइतकी वसुली हाताशी ठेवा. ती नसेल तर नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) आणि मागणी-वसुलीच्या वह्या काढून थकबाकीदारांच्या दारात जा, त्यात आधी सदस्यांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या घरांची थकबाकी बघा म्हणजे पुढचं बोलणं सोपं जातं.

नवा आराखडा करताना जुनी प्रमाणं डोक्यातून काढून टाका. चौदाव्या आयोगात (२०१५ ते २०२०) ग्रामीण भागाचा निधी फक्त ग्रामपंचायतींना होता, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला काहीच नव्हतं, आणि विभागणी ९० टक्के मूळ अनुदान, १० टक्के कामगिरीवर अशी होती. पंधरावा आला तेव्हा पहिल्याच वर्षी, २०२०-२१ मध्ये, अर्धा निधी बंधित झाला. पुढच्या पाच वर्षांत बंधितचा वाटा ६० टक्के झाला, निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा हिस्सा ८० टक्क्यांवर आला, उरलेले १०-१० टक्के वरच्या दोन संस्थांना गेले. चौदाव्याच्या हिशोबानं पाच वर्षांचे रस्ते आखून बसलेल्या पंचायतींना तेव्हा सगळा आराखडा फिरवावा लागला. यावेळी कामं प्राधान्यक्रमानं लावा आणि त्यांच्यासमोर बंधित पाणी, बंधित स्वच्छता, अबंधित असे शिक्के मारून ठेवा. शासन निर्णयात प्रमाण काहीही आलं तरी यादी वरून खाली कापता येईल, मोडावी लागणार नाही. अबंधितच्या यादीत पगार आणि आस्थापनेचा खर्च घुसवू नका, तो पंधराव्यात चालत नव्हता.

पहिल्या हप्त्याच्या अटी मात्र वाट न पाहता पूर्ण करता येतील. २०२३-२४ पासून ज्या संस्थेचे मागच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशोब ऑनलाइन असतील तिलाच अनुदान, असा नियम झाला. ही अट सुटेल असं धरून चालू नका. पोर्टलवर महिनाअखेरीचे हिशोब एकामागून एक बंद करा, साचलेले बारा महिने एका रात्रीत बंद करताना चुका होतात. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे जुने आक्षेप काढा, वसूलपात्र रकमांचं अनुपालन आधी पाठवा, किरकोळ आक्षेप एकत्र निकाली काढता येतात. उपयोगिता प्रमाणपत्रातला (निधी कशावर खर्च झाला याच्या दाखल्यातला) खर्च आणि रोकडवहीतला खर्च एक आहे ना, हेही एकदा तपासा. केंद्राकडून आलेला हप्ता राज्यानं १० कामकाजाच्या दिवसांत पुढे दिला नाही तर व्याजासह द्यायचा, असा नियम पंधराव्यात होता. त्यामुळे हप्ता ‘वर अडकलाय’ असं ऐकू आलं की तारीख विचारा, कित्येकदा तो आपल्याच खात्याच्या पडताळणीत अडकलेला असतो.

तुमच्या हद्दीत पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेच्या वाट्यातून झालेली कामं असतील तर त्यांची देखभाल कोणाकडे, याचं पत्र मागवा. बंद पडलेला आरओ प्लांट कोणाचा यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि लोक तुमच्या दारात येतात.

शेवटी हे सगळं ग्रामसभेसमोर ठेवा: शिल्लकेची सहा रकान्यांची फोड, तीन गटांतली कामं आणि रद्द केलेल्या कामांची कारणं. वाचून दाखवा, प्रश्न येऊ द्या, रद्द कामांवर वाद होईल तोही होऊ द्या. त्या दिवसाचा ठराव आणि फोडीचा तक्ता यांच्या प्रती काढा: एक नव्या आयोगाच्या फाइलला पहिला कागद म्हणून लावा, एक गटविकास अधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या आणि एक सूचना फलकावर चिकटवा.