शत्रूशी हातमिळवणी: हा धडा वर्गात कसा घ्यावा

फळ्यावर 'फितूर' लिहिलंत की तास तिथेच संपला. मुलं सूर्याजी पिसाळाचं नाव घेतात, बाकीचे माना डोलावतात, पुढे कुणी विचार करत नाही. त्याऐवजी 'सहकार्य' लिहा. आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि पतपेढी आठवते; फ्रेंचांनाही १९४० पर्यंत त्यांचा 'कोलाबोरासिओं' (सहकार्य) हा शब्द असाच निरुपद्रवी वाटायचा. मोंत्वार गावी हिटलरची भेट घेऊन आलेल्या फ्रान्सच्या सत्ताप्रमुख मार्शल पेतँनी ३० ऑक्टोबर १९४० ला रेडिओवर तो उघडपणे वापरला. पुढे तीच शिवी झाली.

नववी ते अकरावी, ४० मुलं, ४० मिनिटांचे दोन तास असं धरू. देश एकच घ्या, फ्रान्स. नॉर्वे, हॉलंडही जोडीला घेतलं की नुसती नावांची यादी उरते.

पहिली दहा मिनिटं माहितीची. २२ जून १९४० ला हरलेल्या फ्रान्सची जर्मनीशी युद्धबंदी झाली. उत्तर भाग आणि अटलांटिक किनारा जर्मनांकडे गेला, दक्षिणेत विशी शहरातून चालणारं पेतँचं सरकार आलं, तेच 'विशी सरकार'. जर्मन फौजेचा खर्चही फ्रान्सच्याच माथी, सुरुवातीला रोज ४० कोटी फ्रँक. ३ ऑक्टोबर १९४० चा ज्यूविरोधी कायदा विशीने स्वतःहून केला, जर्मनांनी मागितला नव्हता. हे दोनदा सांगा, कारण 'दबाव होता हो' हे उत्तर मुलांच्या ओठावरच असतं.

मग पाच-पाच मुलांचे आठ गट करा आणि प्रत्येकाला तीच आठ कार्डं द्या: जर्मन शिपायांना पाव विकणारा बेकरीवाला, जर्मनांसाठी तटबंदी बांधणारा ठेकेदार, गावचा महापौर, पॅरिसचा पोलीस, संपादक, जर्मन सैनिकावर प्रेम करणारी मुलगी, सक्तीच्या कामासाठी जर्मनीला गेलेला तरुण, शेजाऱ्याविरुद्ध निनावी पत्र लिहिणारा. कार्डावर तीनच ओळी: काय केलं, नकार दिला असता तर काय झालं असतं, त्या दिवशी त्याला काय ठाऊक होतं. तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे ऑशविट्झचं, म्हणजे ज्यूंची कत्तल झालेल्या जर्मन छावणीचं, नाव आलं की पुढचं माहीत असलेली मुलं पटापट निकाल देऊन मोकळी होतात.

कार्डं चार्टपेपरवर लावायची: आडव्या अक्षावर सक्ती किती, उभ्यावर नुकसान किती. 'चांगला ते वाईट' अशी एकच रेघ मारलीत तर बेकरीवाला आणि पत्रलेखक शेजारी-शेजारी बसतात आणि भांडण निव्वळ जागेवरून होतं.

पोलिसाच्या कार्डावर थांबा. १६ जुलै १९४२, पहाट. पॅरिसच्या पोलिसांच्या हातात ज्यू लोकांची नावं-पत्ते असलेल्या चिठ्ठ्या, एकूण २७ हजारांवर. दोन दिवसांत १३,१५२ जण पकडले, त्यांत चार हजारांहून जास्त मुलं. वर्ग म्हणेल, हुकूम होता, काय करणार? तेव्हा राखून ठेवलेलं नववं कार्ड काढा. त्याच आठवड्यात नान्सी शहरात परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या विभागातल्या पोलिसांनी, एदुआर विन्येराँ त्यांचे प्रमुख, यादीतल्या लोकांना आधीच सावध केलं. बहुतेक जण निसटले. इथे शांतता पसरते. ती तुम्ही बोलून भरू नका. मग आकड्यांकडे परत या: पॅरिसमध्येही निम्म्याहून जास्त लोक सापडले नाहीत, कारण काही पोलिसांनी तिथेही बातमी फोडली होती.

दुसरा तास शिक्षेचा. आधी गटांना ठरवू द्या, मग प्रत्यक्षात काय झालं ते सांगा. जर्मनांशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून सुमारे वीस हजार स्त्रियांची मुंडणं झाली. अंदाजे नऊ हजार लोक खटल्याविना मारले गेले, सुमारे दीड हजारांना खटल्यानंतर देहदंड मिळाला. काँक्रीट ओतून पैसा केलेल्या बऱ्याच ठेकेदारांना मात्र फारशी झळ लागली नाही. जर्मनांची बाजू घेणारे संपादक ब्राझियाक यांना ६ फेब्रुवारी १९४५ ला गोळ्या घातल्या. बोर्दोच्या प्रशासनात ज्यूंच्या अटकेच्या कागदांवर सह्या करणारे मोरिस पापाँ पुढे पॅरिसचे पोलीसप्रमुख आणि मंत्री झाले. दहा वर्षांची शिक्षा लागली ती १९९८ मध्ये. ही दोन नावं फळ्यावर शेजारी लिहा आणि वर्गाला भांडू द्या.

काही गोष्टी हमखास बिघडतात. नाझी अधिकारी आणि ज्यू अशी नाट्यछटा करवू नका. पाच मिनिटांत हशा पिकतो. 'तू असतास तर?' हा प्रश्नही नको, प्रत्येकजण वीर होतो. 'या माणसाला नाही म्हणायला काय किंमत मोजावी लागली असती?' असं विचारा. वर्ग 'परिस्थितीच तशी होती' यावर घसरला तर 'मग किंमत कुणी मोजली?' एवढंच विचारा. आझाद हिंद सेनेचा विषय कुणीतरी काढणारच. तो टाळू नका, पण कोपऱ्यात लिहून वेगळ्या तासाला ठेवा: परक्या सत्तेविरुद्ध तिच्या शत्रूची मदत घेणं हा प्रश्नच निराळा आहे.

गृहपाठ: एका कार्डावर १५० शब्द, १० गुण. त्या व्यक्तीला काय ठाऊक होतं याला ४, पर्याय कोणते होते याला ३, झळ कुणाला बसली याला ३. निकाल काय दिला याला गुण नाहीत. मुलं विचारतातच, म्हणून आधीच सांगून टाका.