हॉटेल आणि गॅरेजचं पाणी नदीत जाऊ नये म्हणून काय करावं

पुण्यात रस्त्याच्या कडेच्या जाळीत ओतलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही. पावसाळी वाहिनीतून ते ओढ्यात जातं, ओढ्यातून मुठेत, मग मुळा-मुठेतून भीमेत आणि शेवटी उजनी धरणात. सोलापूर शहर हेच उजनीचं पाणी पितं. कढईतलं जळकं तेल किंवा गाडीचं काळं ऑइल जाळीत सोडलं, तर त्याला वाटेत गाळणारं काहीच नसतं. बहुतेक दुकानदारांना हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी लाइन ओळखा

मोरी, बेसिन आणि संडासाचं पाणी ड्रेनेज लाइनला जायला हवं. ती पुढे भैरोबा नाला किंवा विठ्ठलवाडीसारख्या ठिकाणच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाते. कडेच्या जाळ्या फक्त पावसासाठी असतात. जुन्या इमारतींमध्ये मोरीचा पाइप चुकून, किंवा सोयीसाठी, पावसाळी लाइनला जोडलेला असतो. कोरड्या दिवसांत मोरीत बादलीभर पाणी खाण्याचा रंग घालून ओता आणि बाहेरच्या जाळीत ते दिसतं का ते पाहा. रंग दिसला तर परवानाधारक प्लंबरकडून जोडणी बदलून घ्या. ड्रेनेजचं चेंबर मात्र स्वतः उघडू नका आणि माणूस तर त्यात कधीच उतरवू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि माणसाला असं उतरवणं हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

स्वयंपाकघर: ग्रीस ट्रॅपशिवाय चालत नाही

आधी खरकटं. ताटं, कढया, तवे पाण्याखाली धरण्यापूर्वी रबरी पट्टीने निपटून ओल्या कचऱ्यात टाका. हे एवढं केलं तरी निम्मं काम होतं, असं मला वाटतं. मोरीवर बारीक जाळी हवीच.

मग ट्रॅप. ही दोन-तीन कप्प्यांची टाकी असते. पाणी तिच्यात संथ होतं, थंड होतं. चरबी वर तरंगते, गाळ खाली बसतो आणि मधलं पाणी बाहेर जातं. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड तवंगाच्या बरंच खाली असायला हवं. तोंड वर ठेवलं तर सगळी चरबी पाइपातून निघून जाते आणि टाकी नावापुरती उरते. बसवताना समोर उभं राहून हे तपासा. टाकी लहान घेतली तर पाणी घाईने निघून जातं, तेव्हा गर्दीच्या वेळी मोरीतून किती पाणी जातं ते बघून माप ठरवा.

वरचा तवंग आणि खालचा गाळ मिळून टाकीच्या पाव खोलीएवढे झाले की साफ करा. आठवड्याने की पंधरवड्याने, हे तुमच्या तळणावर ठरेल. पहिला महिनाभर काठी घालून मोजा, अंदाज येतो. चरबी पातळ करायला उकळतं पाणी किंवा कॉस्टिक ओतू नका. ती वितळून पुढे जाते आणि थंड झाली की शेजारच्याच्या पाइपात गोठते. काढलेल्या चरबीत लाकडाचा भुसा मिसळा, घट्ट झाली की पिशवीत बांधून कचरा नेणाऱ्यांना वेगळी द्या.

तळणीचं तेल मोरीत ओतायचंच नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात बिघाडाची ध्रुवीय संयुगं (पोलर कंपाउंड्स) तयार होतात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायला मनाई आहे. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला द्या, त्याचं बायोडिझेल होतं. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तळणीचं तेल लागत असेल, तर त्याची नोंदवही ठेवणं बंधनकारक आहे.

गॅरेज आणि वॉशिंग सेंटर

वापरलेलं इंजिन ऑइल हा घातक कचरा आहे. त्याचं पिंप छपराखाली, ट्रेमध्ये ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या, पावती घ्या. रेडिएटरचं कूलंटही वेगळं साठवा. ते गोड लागतं, त्यामुळे भटकी कुत्री ते चाटतात आणि मरतात. गाड्या धुण्याची जागा पक्की, कडेने बांध घातलेली हवी. तिथलं पाणी आधी गाळाच्या खड्ड्यात, मग तेल वेगळं करणाऱ्या टाकीत आणि त्यानंतरच ड्रेनेजला सोडा.

मृगाच्या आधी

पहिल्या पावसात उन्हाळाभराची घाण एकदम वाहून जाते. मे महिन्यातच दुकानासमोरची जागा कोरडी झाडून घ्या. पाइप लावून धुऊ नका. उघड्यावरचे डबे आत घ्या, जाळीवरचा कचरा उचला. सिमेंटचं काम चालू असेल तर पाट्या-फावडी धुतलेलं पाणी खड्ड्यात मुरू द्या. ते पाणी तीव्र अल्कधर्मी असतं आणि ओढ्यातले मासे मारतं.

एवढी काळजी घेऊनही कधीतरी डबा कलंडतो. अशा वेळी सगळ्यात आधी जाळीच्या तोंडाशी वाळूची पोती किंवा ओल्या गोणपाटाची गुंडाळी लावा. मगच डबा उभा करा. सांडलेल्यावर भुसा किंवा माती टाका, शोषून घेतलं की खराट्याने ओढून भरा. ऑइलने भिजलेला भुसा साध्या कचऱ्यात टाकू नका, ऑइलच्या पिंपाशेजारी वेगळ्या डब्यात ठेवा. भुशाची गोणी आणि वाळूची पोती दाराशीच असू द्या, आणि ती कुठे आहेत हे रात्रपाळीच्या पोरालाही दाखवून ठेवा.