मागच्या खुर्चीचा पार्ट आधी वाचा

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी किंवा मंडळाच्या कार्यक्रमासाठी ऑर्केस्ट्राचं संगीत निवडायचं असेल, तर रेकॉर्डिंग ऐकून निवडू नका. रेकॉर्डिंगमध्ये पहिली व्हायोलिनं आणि ट्रंपेट कानात भरतात. तुमच्याकडची दुसरी क्लॅरिनेट, शेवटच्या रांगेतला युफोनियम (खालच्या सुरांचं पितळी वाद्य) आणि या जूनमध्येच व्हायोलिन हातात घेतलेली सातवीतली मुलगी त्यात कुठेच ऐकू येत नाही. कार्यक्रम तरतो किंवा बुडतो तो मात्र याच मंडळींच्या पार्टवर, म्हणजे एकेका वाद्याच्या वेगळ्या कागदावर. म्हणून स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेला कागद) हातात आला की मी आधी खालच्या ओळी वाचतो, आणि वरची चाल सगळ्यात शेवटी बघतो.

मी लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो. निवृत्तीनंतर बेळगावातच राहिलो आणि आता टिळकवाडी, कॅम्प, शहापूरची मुलं आणि खानापूरहून बसने येणारे काही मोठे यांना घेऊन वाजवतो. आमच्याकडे येणारी माणसं अशी: कॉन्व्हेंटमध्ये व्हायोलिन शिकलेली मुलं, चर्चमध्ये वाजवणारा एखादा सेलो, लग्नाच्या बँडमधले ट्रंपेट आणि युफोनियम, नाट्यसंगीतावर वाढलेले पेटीवाले, आणि मांडी घालून कर्नाटकी पद्धतीने व्हायोलिन वाजवणारी एखादी मुलगी. संगीताचे छापील संच (स्कोअर आणि सगळे पार्ट) निघतात ते अमेरिका-इंग्लंडमधल्या शाळांच्या हिशेबाने. त्या संचातून आपल्या माणसांना झेपेल आणि शोभेल असं शोधून काढायचं, हे खरं काम.

आधी हजेरी

एक वही घ्या आणि प्रत्येकाचं नाव, वाद्य, कोणता क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची, सुरांच्या जागा ठरवणारी खूण) वाचतो आणि कुठल्या सुरापासून कुठल्या सुरापर्यंत न घाबरता वाजवतो, हे लिहा. ‘वाजवता येतं’ या शब्दावर जाऊ नका, समोर वाजवून घ्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या व्हायोलिनला पहिल्या पोझिशनच्या (तारेवरच्या हाताच्या पहिल्या जागेच्या) पुढे नेऊ नये, म्हणजे वरच्या तारेवर चौथ्या बोटाच्या बी सुरापर्यंतच. नव्या ट्रंपेटवाल्याला लिहिलेल्या वरच्या डी-ई पलीकडचं दिलं, तर तालमीत एकदा लागतं आणि कार्यक्रमात ओठ दमल्यावर लागत नाही. नव्या क्लॅरिनेटवाल्याची अडचण मधेच असते: लिहिलेल्या ए वरून बी वर जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम बंद करावी लागतात. दुसऱ्या क्लॅरिनेटच्या ओळीत हा पूल सारखा ओलांडायला लावलेला दिसला की मी तो संच बाजूला ठेवतो.

हजेरी लिहिताना तारीखही बघा. दहावीची मुलं डिसेंबरनंतर तुमची राहत नाहीत. खानापूरकडचे मोठे भातकापणीत अडकतात, चिकोडी-निपाणीकडचे उसाच्या हंगामात. जानेवारीत कार्यक्रम असेल तर सप्टेंबरात जमणारी संख्या धरून संगीत घेऊ नका, जानेवारीत उरणारी धरा.

पट्टी

मिश्र ऑर्केस्ट्रा इथेच सगळ्यात जास्त अडतो. तारवाद्यांना डी, जी आणि ए या पट्ट्या सुखाच्या, कारण मोकळ्या तारा त्यांतच आहेत. फुंकून वाजवायच्या वाद्यांना काळी पाच (बी फ्लॅट), काळी दोन (ई फ्लॅट) आणि पांढरी चार (एफ) आवडते. एकाला सोपं ते दुसऱ्याला जड. जी मधली रचना घेतली की व्हायोलिन खूश, पण क्लॅरिनेट, सॅक्सोफोनचा लिहिलेला सूर आणि वाजणारा सूर वेगळा असतो, म्हणून बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर तीन शार्प (सूर चढवायच्या खुणा) येतात आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर चार. काळी पाच घेतली की क्लॅरिनेटला एकही शार्प नाही, पण व्हायोलिनच्या पहिल्या बोटाला सतत मागे सरकावं लागतं. नवी मुलं ते विसरतात आणि सूर चढा लागतो.

माझा कौल पांढरी चारला, म्हणजे एफ मेजरला. क्लॅरिनेट आणि ट्रंपेटला एक शार्प, आल्टोला दोन, व्हायोलिनला एकच फ्लॅट (सूर उतरवायची खूण). सगळे थोडंथोडं सोसतात आणि कुणी मोडत नाही. सी मेजरही चालतं. संच आवडला पण पट्टी जड असेल, तर म्यूझस्कोर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी बदलता येते. ज्या संगीताचे हक्क संपले आहेत तिथे हे मोकळेपणाने करा, विकत घेतलेल्या मांडणीत प्रकाशकाला विचारून.

ग्रेडचा आकडा

अमेरिकन प्रकाशक शाळांच्या संचांवर साधारण 1 ते 6 असे ग्रेड छापतात. आपल्याकडे मुलं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा देतात, त्यांचे ग्रेड 1 ते 8. हे दोन आकडे वेगळे. ट्रिनिटीची तिसरी परीक्षा दिलेला मुलगा आहे म्हणून ग्रेड 3 चा संच उचलायचा, असा हिशेब धरू नका. परीक्षेत तो तीन रचना कित्येक महिने एकटा घोटतो. इथे त्याला पाच-सहा रचना दुसऱ्यांचं ऐकत वाजवायच्या असतात. निम्म्याहून जास्त मुलं ज्या पायरीवर आहेत तिच्या एक पायरी खालचा संच घ्या, आणि एकच रचना बरोबरीच्या पायरीची ठेवा.

संच घेताना त्यात काय काय आहे हे वाचा. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, खालच्या सुरांचा) आमच्या भागात क्वचितच मिळतो. शाळांसाठीच्या बऱ्याच संचांत व्हायोलाची तीच ओळ ‘तिसरं व्हायोलिन’ म्हणून ट्रेबल क्लेफमध्ये दिलेली असते. ती नसेल तर मधला सूर रिकामा राहतो आणि सगळा आवाज पोकळ वाटतो. दुसरं म्हणजे क्यू नोट्स. ओबो किंवा बसून या फुंकायच्या वाद्यांची एकट्याची ओळ दुसऱ्या कुणाच्या कागदावर बारीक अक्षरात छापलेली असेल, तर ते वाद्य नसलं तरी भागतं.

खालच्या सुरांचा प्रश्न मोठा. डबल बास इथे सहज मिळत नाही. मी ती ओळ युफोनियमला देतो. मात्र बँडमध्ये वाढलेले कित्येक युफोनियमवाले ट्रेबल क्लेफ वाचतात आणि त्यांचा लिहिलेला सूर प्रत्यक्षात एक सप्तक आणि एक स्वर खाली वाजतो. बास क्लेफचा कागद तसाच पुढे ठेवला तर चांगला वाजवणारा माणूसही अडाणी ठरतो. तो कागद त्याच्यासाठी आधी लिहून काढा. पेटीवाल्यांना त्यांची ओळ सरगममध्ये, मात्रा आणि विभाग पाडून द्या. कर्नाटकी व्हायोलिनवालीच्या तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या असतात. त्या जी-डी-ए-ई लावून घ्या, तिचा कागदही सरगममध्ये लिहा, आणि तिला बैठकीवरच बसू द्या. तिचा हात त्या बैठकीतच मोकळा चालतो.

कुठल्या रचना

इथे मी ठाम मतं सांगतो. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीतली (1824) आनंदगीताची चाल पहिल्या कार्यक्रमासाठी उत्तम, कारण ती जवळजवळ सगळी शेजारच्या सुरांनी चालते. पाखेलबेलचा कॅनन लोकांना आवडतो, पण सेलोवाल्याचा विचार करा: त्याच्या वाट्याला तेच आठ सूर 28 वेळा येतात. सेलो एकच असेल तर ते सूर युफोनियमशी वाटून द्या.

हायडनच्या ‘सरप्राइज’ सिंफनीचा दुसरा भाग सी मेजरमध्ये आहे, सुरांनी साधा आहे, आणि सोळाव्या बारला (तालाच्या सोळाव्या खान्याला) अचानक मोठा ठोका येतो. तो ठोका लागतो केव्हा, तर आधीचे बार अगदी हळू वाजले आणि सभागृह शांत असलं तर. स्नेहसंमेलनात पहिल्या पाऊण तासात लोक जागा शोधत असतात, ओवाळणी आणि सत्कार चालू असतात. ही रचना मध्यंतरानंतर ठेवा.

ग्रिगची ‘माउंटन किंग’ मुलांना वेड लावते. खालच्या वाद्यांपासून हलकी सुरू होते आणि वेग वाढत जातो. साईड ड्रमवाला संयमी असेल तरच घ्या. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतली (1893) लार्गो (संथ भाग) सगळ्यांना हवी असते, पण मूळ पट्टी काळी एक, म्हणजे पाच फ्लॅट. शाळेसाठी सोप्या पट्टीत उतरवलेली मांडणीच शोधा, आणि मूळ कोर अँग्लेची (ओबोच्या घराण्यातल्या वाद्याची) चाल तुमच्या सगळ्यात गोड क्लॅरिनेटला द्या, भले तो वयाने लहान असो.

फक्त तारवाद्यं असतील तर गुस्ताव होल्स्टकडे जा. तो 1905 पासून 1934 मध्ये जाईपर्यंत लंडनच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये संगीत शिकवत होता, आणि त्याची ‘सेंट पॉल्स स्वीट’ व ‘ब्रूक ग्रीन स्वीट’ या दोन्ही रचना त्याच शाळेतल्या मुलींसाठी आहेत. पहिली बरीच अवघड, दुसरी लहान मुलांसाठीच लिहिलेली. शाळेत शिकवणाऱ्या माणसाने लिहिलेलं संगीत वेगळं कळतं: मागच्या रांगेलाही त्यात चाल मिळते.

आणि एक रचना इथली हवीच. समोर बसलेल्या पालकांत मराठीही असतात आणि कन्नडही. मी पुरंदरदासांची ‘भाग्यद लक्ष्मी बारम्मा’ घेतो. पदाच्या शेवटी येणारी त्यांची मुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’, त्यामुळे वारकरी घरातल्या आजीलाही ती परकी वाटत नाही. कर्नाटकी पद्धतीत रूढ असलेली मध्यमावती रागातली चाल घ्या: सा, रे, शुद्ध म, प, कोमल नी. सा पांढरी दोनवर धरला तर सूर होतात डी, ई, जी, ए, सी. व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा या रागात बसतात. क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर नेमका हा सा आहे, त्यामुळे नवा मुलगाही षड्जाचा आधार धरून बसू शकतो, पूल ओलांडायची गरज नाही. अशी मांडणी विकत मिळत नाही, आपणच लिहायची. खाली षड्ज-पंचम, मधे सरळ मात्रा, वर चाल, एवढ्यावर ती उभी राहते. पाश्चात्त्य पद्धतीचे कॉर्ड कोंबू नका, रागाचा रंग जातो.

हक्क आणि कागद

भारतात संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि मोजणी निधनाच्या पुढच्या वर्षापासून होते. बीथोव्हन, ग्रिग, होल्स्ट मोकळे. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर त्यांचे स्कोअर आणि पार्ट फुकट मिळतात. पण तो संग्रह कॅनडाच्या कायद्यावर चालतो. 1971 मध्ये गेलेला स्ट्राविन्स्की तिथे मोकळा झाला, आपल्याकडे 2031 संपेपर्यंत नाही. शिवाय जुन्या रचनेची नवी मांडणी केली की त्या मांडणीचा हक्क वेगळा. मराठी गाण्यांत हे जास्त फसवं आहे: ‘घनश्याम सुंदरा’चे शब्द होनाजी बाळांचे म्हणून जुने, पण चाल वसंत देसाईंची, आणि ते 1975 मध्ये गेले.

कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शाळेला सवलत आहे: वाजवणारे शिक्षक-विद्यार्थी आणि ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक असतील तर. हौशी मंडळालाही आहे, श्रोत्यांकडून पैसे घेत नसाल तर. तिकीट लावलंत की परवानगी बघा. आणि ही सवलत वाजवण्याची आहे, छापील संचाच्या झेरॉक्स काढण्याची नाही. डाउनलोडचा संच घेताना किती प्रती छापायची मुभा आहे ते वाचा. परदेशातून टपालाने मागवण्यापेक्षा हे सोपं पडतं. पुस्तकं चाळूनच घ्यायची असतील तर चोर्ला घाटाने पणजीला जा, तिथे फर्टाडोज या संगीताच्या दुकानात बघायला मिळतात.

परदेशी पार्ट आपल्या ए4 पेक्षा मोठ्या कागदावर असतात. ए4 वर छापले की सूर बारीक होतात, आणि दोघांत एक स्टँड असेल तर मागे बसलेल्याला दिसत नाहीत. शक्य असेल तिथे ए3 वर छापा. पान उलटायची जागा विश्रांतीच्या बारला येते का ते बघा, नसेल तर कापून चिकटवा. बारचे आकडे सगळ्या कागदांवर सारखे हवेत. सरगमच्या कागदावरही तेच आकडे घाला, नाहीतर ‘32 पासून’ म्हटल्यावर पेटीवाले बघत राहतात.

वेळ धरताना सुरुवातीचं नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत (अडीच मिनिटं) आणि शेवटचं राष्ट्रगीत (52 सेकंद) विसरू नका. त्यांचेही पार्ट लागतात, तालीमही लागते. मधलं संगीत 40 मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि ट्रंपेटवर भार असलेल्या दोन रचना लागोपाठ ठेवू नका.

शेवटची यादी ठरवण्याआधी प्रत्येक रचना एकदा न थांबता, हळू वेगात सगळ्यांकडून वाजवून घ्या. तेव्हा चालीकडे लक्ष देऊ नका. दुसऱ्या क्लॅरिनेटपाशी आणि युफोनियमपाशी उभे राहा. ते शेवटच्या बारपर्यंत सगळ्यांबरोबर पोचले तर रचना ठेवा. मधेच हरवले आणि पुढच्या दोन तालमींतही त्याच जागी हरवले, तर ती रचना पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवून तिच्या जागी सोपी घ्या.